विचारलं तेवढंच

"बीएस्सीची फी किती हाय, साहेब?"

"फलकावर आहे."

"फलकावर एकतीस हजार दोनशे लिवलंय."

"मग तेवढीच असणार. फलक काय आम्ही शोभेला लावलाय?"

दिगंबर लवाटे हे मान वर न करता बोलले. मान वर करून बोलायची त्या खिडकीत पद्धतच नव्हती. फी विभागाची ती खिडकी मुळातच बुटकी, त्यात वरची निम्मी काच कुणीतरी वीस वर्षांपूर्वी पांढऱ्या रंगाने रंगवून टाकलेली. खाली पैसे आणि कागद सरकवण्यापुरतं भोक. बाहेरच्याला वाकल्याशिवाय बोलता येत नसे, आणि वाकूनही आतल्या माणसाचे हात तेवढे दिसत. लवाट्यांचे हात गोरे आणि स्वच्छ होते. डाव्या हातात घड्याळ होतं आणि त्यात एक वीस झाले होते.

"हप्त्यानं घेता का, साहेब? चार म्हैन्यांत भरते."

"बाई, हे कॉलेज आहे. भांड्यांचं दुकान नाही."

रांगेत मागे दोन मुलं फिसकन हसली. लवाट्यांना ते हसणं आवडलं. तेव्हा आवडलं होतं, हेच त्यांना पुढे अनेक वर्षं खुपत राहिलं.

बाई बाजूला झाली. खिडकीच्या कट्ट्यावर एक कागद ठेवून तिने काहीतरी लिहिलं, शेजारच्या मुलीशी हळू आवाजात बोलली आणि दोघी निघून गेल्या. एवढंच घडलं. जुलै दोन हजार एकोणीसमधल्या त्या दुपारी लवाट्यांच्या खिडकीवर अशी सत्तरेक माणसं येऊन गेली असतील.

आता यात लवाट्यांनी खोटं काय सांगितलं? काहीच नाही. गोम दुसरीकडेच होती. कॉलेजात बीएस्सीच्या दोन तुकड्या होत्या. एक अनुदानित. तिथल्या मास्तरांचे पगार सरकार द्यायचं, म्हणून वर्षाची फी आठ हजार नऊशे. दुसरी विनाअनुदानित, तिची फी एकतीस हजार दोनशे. इमारत तीच, प्रयोगशाळा तीच, नळाला पाणी न येण्याची वेळही तीच. अनुदानित तुकडी जूनमध्येच भरायची, म्हणून फलकावर फक्त महागडी फी राहिलेली. पण त्याच दिवशी सकाळी तीन मुलांनी इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून स्वस्त तुकडीतले प्रवेश रद्द केले होते. परताव्याचे कागद खुद्द लवाट्यांनीच केले होते. तीन जागा रिकाम्या झाल्या होत्या, आणि प्राचार्यांची सही झाली की चार वाजता तशी नोटीस लागणार होती.

म्हणजे बाई वाकून फी विचारत होती तेव्हा लवाट्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण तिने ते विचारलं नव्हतं.

हा धडा त्यांना त्यांचे पहिले साहेब बाबुराव यांनी दिला होता. "लवाटे, विचारलं तेवढंच सांगायचं. जास्तीचं सांगायला गेलात की ते गळ्यात पडतं." लवाट्यांनी तो सुरुवातीला मानला नव्हता. नोकरीच्या चौथ्या वर्षी त्यांनी एका गृहस्थांना आपण होऊन सांगितलं, थांबा, आठवड्यात एखादी जागा निघेल. जागा निघाली नाही. मुलाची दुसरीकडची संधीही गेली. गृहस्थ प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटून आले आणि लवाट्यांना आयुष्यातला पहिला आणि शेवटचा मेमो मिळाला. त्या दिवसापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. पुढे त्या कुलपाला पुणेरी पॉलिश चढलं आणि लोक त्याला लवाट्यांचा विनोद म्हणू लागले.

कागद कट्ट्यावरच राहिला होता. बाई विसरली की टाकून गेली, कोण जाणे. लवाट्यांनी भोकातून हात बाहेर काढून तो आत ओढला. एका लग्नपत्रिकेची कोरी पाठ होती ती. वर आडव्या ओळीत पाच कॉलेजांची नावं, खाली उभे रकाने. फी. बसचा पास. एप्रन आणि जर्नल. परीक्षेचा फॉर्म. एका रकान्यावर नुसतंच 'चा-पानी' लिहून पुढे वर्षाचे सहाशे मांडले होते. अक्षर सातवीच्या पुढे न गेलेल्या माणसाचं होतं. सवयीने लवाट्यांनी बेरजा तपासल्या. एकही चूक नव्हती. हडपसरच्या कॉलेजची फी कमी पण बीएस्सी नाही, दुसऱ्याची फी बरी पण बस दोनदा बदलायची, असे शेरेसुद्धा मारलेले. मुलीला घेऊन ही बाई पाच कॉलेजं पायी तुडवून आली होती आणि हे सगळ्यात शेवटचं होतं. त्याच्या रकान्यात आत्ताच, घाईघाईने, एकतीस हजार दोनशे मांडले होते आणि बेरीज अर्धी सोडून दिली होती.

त्या कॉलेजच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल केला होता, जुळतो तिथे छोटी शेपटी काढलेला. ते अक्षर वेगळं होतं, मुलीचं. गोलाशेजारी लिहिलं होतं, 'इथंच. लॅब भारी आहे.'

लवाटे उठून उभे राहिले. मागच्या उघड्या दारातून सायकल स्टँडजवळच्या झाडाखाली त्या दोघी दिसत होत्या. मुलगी बाटलीतलं पाणी पीत होती, आई डोक्याला स्कार्फ बांधत होती. मोजून तीस पावलं. शिपायाला पाठवलं असतं तरी चाललं असतं. घड्याळात एक पंचवीस झाले होते, खिडकी दीडला बंद व्हायची आणि रांगेत अजून पाच जण होते. बाई उद्या येईलच, असं लवाट्यांनी स्वतःला सांगितलं. गरजू माणूस पुन्हा येतोच.

"पुढचा," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली, तीही सहज, कुणी रकान्याला 'चा-पानी' असं नाव देतं याची गंमत म्हणून. मंदाकिनीबाई भाजी निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत. "हाक मारता आली असती," एवढंच म्हणाल्या आणि पुढची जुडी घेतली.

दुसऱ्या दिवशी लवाट्यांनी प्रथमच खिडकीत वाकून प्रत्येकाचं तोंड पाहिलं. बाई आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तीनपैकी दोन जागा पहिल्याच संध्याकाळी गेल्या होत्या. तिसरीला कुणी वाली मिळाला नाही आणि मग मुदत संपली. सप्टेंबरात विद्यापीठाला पाठवायच्या तक्त्यात लवाट्यांनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: मंजूर जागा एकशेवीस, प्रवेश एकशेएकोणीस, रिक्त एक. एकतीस वर्षांत त्यांनी असे पुष्कळ तक्ते लिहिले होते, पण त्या एकाच्या आकड्यावर हात अडकला तो तेव्हाच.

पत्रिकेच्या पुढच्या बाजूला कुणा शेवाळ्यांच्या घरचं लग्न होतं, मुक्काम मांजरी बुद्रुक. म्हणजे मनात आणलं असतं तर शोध घेता आला असता. पण मांजरीत शेवाळे शोधायचे म्हणजे सदाशिव पेठेत जोशी शोधायचे, असं लवाटे म्हणत. ही सबब आहे हे त्यांनाही कळत होतं. पत्रिका त्यांनी टेबलाच्या काचेखाली, पाठीची बाजू वर करून ठेवली.

पुढच्या वर्षी करोनामुळे सगळंच बंद होतं. त्याच्या पुढच्या जूनमध्ये मात्र लवाट्यांनी एक उद्योग केला. बाईचे रकाने जसेच्या तसे उतरवून, आसपासच्या सात कॉलेजांच्या फिया, पास, जर्नल, सगळं फोन करकरून मिळवलं आणि मोठ्या कागदावर लिहून खिडकीशेजारी डकवलं. अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन स्वतंत्र रकाने केले. तळाला लाल शाईने लिहिलं, 'जागा नंतरही निघतात. पुन्हा विचारा.' कागद अडीच दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"लवाटे, शेजारच्या दुकानाचे भाव आपल्या दुकानात का लावलेत?"

इतकी वर्षं ज्या सुरात ते लोकांना बोलत होते, त्याच सुरात कुणीतरी त्यांना बोललं. कागद उतरला. मग लवाटे त्याच्या झेरॉक्स ड्रॉवरमध्ये ठेवू लागले आणि कुणी बाई वाकली की गुपचूप एक पुढे सरकवू लागले. ऑफिसात सगळे म्हणाले, म्हातारा निवृत्तीला आला, पुण्य जमवतोय. दोन हजार बावीस साली ते निवृत्त झाले. काचेखालची पत्रिका त्यांनी पाकिटात घालून घरी आणली.

मुलाने, राजसने, मांजरीला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा म्हातारा-म्हातारीलाही तिकडे जावं लागलं. पेठेतला माणूस मुठेचा पूल ओलांडला की निम्मा परदेशी होतो आणि मांजरीला तर पुरता. नवव्या मजल्यावरून उसाचे उरलेसुरले फड दिसत. लवाटे रोज सकाळी फिरायला जात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहत. ओळखणार कशावरून होते, देव जाणे. तिचा चेहरा त्यांनी धड पाहिलाच कुठे होता?

या जूनमध्ये डॉक्टरांनी रक्ताच्या चार तपासण्या लिहून दिल्या. टॉवरच्या खालच्या गल्लीत लॅब होती. करोनापासून काउंटरला काच लावलेली, खाली कागदापुरती फट. काचेपलीकडे चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी बसली होती. लवाट्यांनी चिठ्ठी सरकवली.

"किती होतील?"

"काका, हे सेपरेट केलं तर अकराशे ऐंशी होतात," मुलगी म्हणाली. "पण सीनियर सिटिझनचं पॅकेज आहे, साडेसहाशे. त्यात हे चारही येतं, शिवाय किडनीचं पण होतं. फक्त ते उद्यापासून चालू होतंय. तुम्हाला अर्जंट नसेल तर उद्या उपाशीपोटी या."

"मी पॅकेजचं विचारलं नव्हतं हो."

"म्हणून तर सांगितलं. ज्याला माहीतच नाही तो काय विचारणार?"

तिने एका जुन्या पावतीच्या पाठीवर दोन रकाने ओढले, एकात अकराशे ऐंशी लिहिले, दुसऱ्यात साडेसहाशे, आणि दुसऱ्याभोवती गोल करून कागद काचेला लावून दाखवला. गोल जिथे जुळतो तिथे तिने एक छोटी शेपटी काढली होती. लवाट्यांनी तशी शेपटी सहा वर्षं रोज पाहिली होती. त्यांचं लक्ष तिच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे गेलं. पायल शेवाळे.

हे सांगायला आपण सहा वर्षं शब्द जुळवतोय आणि आता एकही सापडत नाही, असं त्यांना झालं.

"तुम्ही बीएस्सी केलंत का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. बारावीनंतर एक वर्षाचा ऑफिसचा कोर्स केला." तिने मानेने मागच्या काचेच्या दाराकडे दाखवलं. दारामागे पांढऱ्या एप्रनमधली एक मुलगी नळ्या मशीनमध्ये लावत होती. "आत बीएस्सीवाले लागतात. मी पावत्या करते."

"दोन हजार एकोणीस साली तुम्ही आईबरोबर एका कॉलेजात आला होतात. फीच्या खिडकीवर."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "भांड्यांचं दुकान."

लवाट्यांनी मान हलवली. "त्या दिवशी जागा होत्या. स्वस्त तुकडीत. आठ हजार नऊशे. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

"माहितेय मला."

"माहितेय?"

"माझी मैत्रीण पूर्वा त्याच दिवशी पाच वाजता गेली होती. नोटीस लागली होती म्हणे. तिला मिळाली ना सीट. तिला चौसष्ट टक्के होते, मला एकाहत्तर. ती मला महिन्याने बोलली. तोवर मी या कोर्सचे पैसे भरले होते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर लवाट्यांना जास्त बरं वाटलं असतं. "मग भांडायला का नाही आलात?" त्यांनी विचारलं.

"आले असते. पण मग आईला कळलं असतं." पायलने दाराकडे एक नजर टाकली. "ती अजून सगळ्यांना सांगते, पाच कॉलेजं पालथी घातली, सगळीकडं विचारलं, कुठंच बसत नव्हतं. चार दिवस खाडे करून फिरली होती ती. तिला जर कळलं की अडीच तास थांबली असती तर… नको. तिला नाही सांगायचं काका. तेवढं करा माझ्यासाठी."

तिसरी जागा वर्षभर रिकामीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानेही, नुसती येऊन उभी राहिली असती तरी मिळाली असती. हे लवाट्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. तिने विचारलं नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून डबा घेऊन एक बाई आत आली. हातांच्या रेघांत माती बसलेली. जवळच्या रोपवाटिकेत ती उसाची रोपं लावायचं काम करायची, हे पायलनेच घाईघाईने सांगितलं, कारण काहीतरी बोलणं भाग होतं. "आई, हे काका. वर टॉवरमध्ये राहतात."

"बसा की, उभं का?" पायलच्या आई, नंदाबाई, म्हणाल्या. त्यांनी लवाट्यांकडे नीट पाहिलं, पण त्या पाहण्यात ओळख नव्हती. "तुमच्याकडं कुनी बारावीचं हाय का? नात, नातू?"

"नाही. नात अजून लहान आहे."

"असलं कुनी वळखीचं तर धाडून द्या माझ्याकडं." त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला एक कागद काढला. "सगळ्या कॉलेजांच्या फिया काढून ठेवते मी दरसाली. गावातल्या पोरींच्या आया येत्यात इचारायला. पायल फोन करून आकडे घेती, मी लिवते. आमच्या पोरीचं काय झालं न्हाई, निदान दुसरीचं तरी व्हावं."

कागद लवाट्यांनी हातात घेतला. तेच रकाने होते, तेच 'चा-पानी'. कॉलेजं आता अकरा झाली होती. त्यांच्या कॉलेजपुढे एकच आकडा होता, एक्केचाळीस हजार. त्यांनी काचेकडे पाहिलं. पायलने मान खाली घातली होती. "स्वस्त तुकडीचं पोरींना मी नंतर बाजूला घेऊन सांगते," ती पुटपुटली, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं.

"काय चुकलंय का?" नंदाबाईंनी विचारलं.

लवाट्यांनी खिशातलं पेन काढलं. आयुष्यभर त्यांनी खरं तेवढंच सांगितलं होतं, आणि तेही मोजून.

"चुकलं काही नाही. बेरजा तर अगदी बरोबर. फक्त या कॉलेजात अजून एक तुकडी आहे. सरकारी अनुदानाची. फी अकरा हजारांच्या आत. ती लवकर भरते, पण मुलं सोडून जातात आणि जागा पुन्हा निघतात. पोरींना सांगा, जुलैअखेरपर्यंत रोज जाऊन विचारायचं."

नंदाबाईंनी कागदावरून नजर उचलली. मग म्हणाल्या, "अशी तुकडी हाय? कवापासनं?"

लॅबमधला पंखा घरघरत होता. पायलचे हात कीबोर्डवर थांबले होते.

"यंदापासून," लवाटे म्हणाले. "नवीनच आहे."

"तरीच!" नंदाबाईंनी श्वास सोडला. "मी म्हनलं, आमच्या टायमाला असती तर मी सोडली असती व्हय? पाच कॉलेजं पायाखाली घातली व्हती मी. येकबी खिडकी ठेवली न्हाई."

"नव्हती तेव्हा."

"लिवा मग तुम्हीच. तुमचं अक्षर चांगलं असंल."

लवाट्यांनी पट्टी नसताना सरळ रेघ ओढली, नवा रकाना केला आणि त्यात फी लिहिली. नंदाबाई वाकून बघत होत्या. "कुठल्या हापिसात व्हता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

पायलने काचेवर टकटक केलं.

"काका, तुमचं उद्याचं बुकिंग केलंय. पावती घ्या."

खालच्या फटीतून पावती घ्यायला लवाटे वाकले. काचेवर दरपत्रक चिकटवलेलं होतं, त्यामुळे तिथून तिचा चेहरा दिसेना. पावती पुढे करणारे तिचे हात तेवढे दिसले.